मेव्हण्याचा वर गेलेला हात

माझ्या मेव्हण्याएवढा घशाचा माणूस शिरूर-दौंडात दुसरा झाला नाही, आणि त्याच्याएवढी धास्ती मला दुसऱ्या कुणी लावली नाही. गडी खुटबावचा, मी केंदूरचा. बायकोचा धाकटा भाऊ म्हणून माझ्या वाट्याला आला. मोर्चा कुणाचाही असो, कालव्याला पाणी सोडा म्हणून असो, सणसवाडीत कामावरून काढलेल्या पोरांचा असो, की बौद्ध वस्तीला मसणवट्याची वाट द्या म्हणून असो, घोषणा द्यायला ह्यालाच बोलावणं. पक्ष विचारायचा नाही. एवढंच विचारायचा, "मागणी एका दमात म्हणता येती का?" एकदा कामगारांच्या पुढाऱ्यानं सात मागण्यांचा कागद हातात दिला. ह्यानं त्यातल्या सहा खोडल्या. पुढारी कळवळला, "अवो मामा, ह्या मॅनेजमेंटला द्यायच्यात!" तर हा म्हणतो, "मॅनेजमेंटला दे की सातच्या सात. गेटवर एवढ्या म्हनंस्तवर मानसं च्या प्यायला जात्यात."

खिशात खडीसाखर, गळ्यात भर उन्हाळ्यात मफलर. घरातलं बोलणंसुद्धा घोषणेचंच. अर्धं हा बोलणार आणि उरलेलं समोरच्यानं म्हणावं म्हणून थांबणार. जेवायला बसला की "आक्का, भाकरी..." म्हणून हात वर, आणि ही चुलीपुढून, "मिळालीच पाहिजे! गप गिळ आता." हसायची खरी, पण तो मोर्च्याला गेला म्हणजे दिवसभर तिचा जीव टांगणीला. पोलिसांची गाडी रस्त्यानं गेली तरी दारात येऊन उभी राहायची. "काठी पडली तर पहिली त्याच्याच डोक्यात पडंल. समद्यात मोठ्यानं वरडतो मेला."

शेवटच्या दुखण्यात तिनं माझ्याकडं एकच गोष्ट मागितली. पुढाऱ्यांच्या मयताला हा 'अमर रहे' द्यायचा, ते तिच्या डोक्यात बसलं होतं. म्हणाली, "माझ्या मागं तसलं काय नको. मी काय पुढारी न्हाई. वर गेल्यावर बी लाज वाटंल मला. त्याला आवरा, तुमचं ऐकंल त्यो." मी शब्द दिला. मेव्हण्याला बजावलंही. "दाजी, मला काय येडा समजता व्हय?" तो म्हणाला. तरी माझी धाकधूक गेली नाही.

मयताला त्याच्या ओळखीची माणसं टेम्पो भरून आली, सगळी मोर्च्यातली. घोषणा तोंडातून यायच्या आधी त्याचा उजवा हात वर जातो, हे मला पाठ. त्यामुळं बायकोला न्यायला निघालो ते अख्खी वाट तिच्याकडं बघायचं सोडून मी ह्याच्या हाताकडं बघत चाललो. ओढ्यापर्यंत हात खालीच. तिला सरणावर ठेवली, लाकडं रचली, पोरानं अग्नी दिला, तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला. आणि तेवढ्यात ह्याचा हात वर गेला, जाणाऱ्या माणसाला धरायला जावा तसा, आणि हा फुटला, "शेवंताआक्काऽऽ!"

ती काही घोषणा नव्हती. पण मागं उभी असलेली माणसं वर्षानुवर्षं त्याच नरड्याला जबाब देत आलेली. सगळ्यांच्या मुठी एकदम वर, "अमर रहे! अमर रहे!"

मग ज्याच्या त्याच्या माना खाली. एकजण माझ्याकडं बघून पुटपुटला, "चुकलं आप्पा, तोंडातनं गेलं." मेव्हणा माझ्या पायाशी येऊन बसला. "दाजी, घोषणा न्हवती ओ. नुसती हाक मारली मी."

"माहीत हाय," मी म्हणालो. शिवी द्यायला तोंड उघडलं होतं, पण जमलं नाही.

त्यानंतर तो कुठल्या मोर्च्याला गेला नाही. लोक माझ्याकडं येतात, "आप्पा, तुम्ही सांगा की त्यान्ला." मी सांगत नाही. सणावाराला येतो, मफलर काढून गुमान ओट्यावर बसतो आणि दरवेळी विचारतो, "आक्का रागावली असंल का ओ?" मी नाही म्हणतो. खरं काय ते मलाही ठाऊक नाही. शब्द मोडला एवढं खरं. पण उभ्या जन्मात मी तिला 'अगं ए' याच्यापलीकडं हाक मारली नाही. तिचं नाव एवढ्या माणसांत, एवढ्या मोठ्यानं घेतलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं, आणि मला ते बरं वाटलं. हे त्याला सांगायचं अजून धाडस होत नाही.