पदराखालची सारंगी

शेवटच्या दिवशी सकाळी आम्ही दोघांनी मेथी निवडली. मी निवडलेली जुडी बायकोनं पुन्हा निवडली. माझ्यावरच भरवसा नव्हता असं नाही, कुणावरच नव्हता. दूधवाला, गॅसवाला, देवळातले भजनी, सगळे तिच्या लेखी चोर. चोरायचं काय, तर तिच्या बापाची चाल.

तिचं माहेर सायखेड्याचं. घरात तीन पिढ्या सारंगी. बापानं स्वतः एक चाल बांधली होती. एका ओळखीच्या माणसानं ती ऐकून ऐकून उचलली आणि स्वतःची म्हणून गावोगाव वाजवली. तेव्हापासून बापानं ती चारचौघांत वाजवली नाही. तिचा शेवटचा भाग तर फक्त लेकीला दिला, आणि दिला तो संशयासकट.

नाशिक रोडच्या आमच्या दोन खोल्यांत ती वाजवायला बसली की आधी खिडकी लावायची. मग डावा हात पदराखाली घ्यायची. सारंगीला नखांची मुळं तारेवर लागतात. ती कुठं लागतात हे कुणाला दिसू नये म्हणून पदर. त्या जागी तिच्या बोटांना घट्टे पडले होते.

मला मात्र शेजारी बसायची मुभा होती. "तुमचं भय नाही," म्हणायची, "गवंड्यानं कानाच्या जागी भिंत बांधलीय." खरंच आहे. मी चौथी शिकलेला गवंडी, मला भूपाळी काय आणि बँडबाजा काय, सारखंच. पण पदर माझ्या बाजूनं उघडा असायचा. चाळीस वर्षं मी ती बोटं बघितली. विटांचं अंतर नजरेनं धरायची सवय, तसं तेही धरत गेलो.

तिची भाची सुरेखा, भावाची मुलगी, पलीकडच्या गल्लीत राहते. तीही सारंगी वाजवते. तिला अर्धीच चाल यायची.

"आत्या, तेवढं शेवटचं सांग ना."

"का? मोबाइलवर टाकायला?"

"माझ्या आज्याची चाल आहे ती."

"माझ्या बापाची आहे. आधी बाप, मग आजा."

सुरेखा गेली की मला म्हणायची, "पोरगी डबा घेऊन जाते, कान इथंच ठेवून जाते." पण तो डबा तिनं कधी रिकामा पाठवला नाही.

त्या दिवशी मेथी फोडणीला टाकली आणि तिथंच खाली बसली. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. संध्याकाळी नदीवर सगळं उरकलं.

दुसऱ्या दिवशी उठलो तर बोटांची एक जागा आठवेना. बऱ्याच वेळानं आठवली. घाबरलो. तेवढ्यात सुरेखा पिठलं-भाकरी घेऊन आली, सुतकात आमच्याकडं चूल पेटत नाही. मी सारंगी खाली काढली आणि म्हटलं, "बस."

"आतोबा, सुतक आहे. लोक काय म्हणतील?"

"दहा दिवसांत मी विसरलो तर लोक आणून देणार आहेत का?"

"आत्याला चाललं नसतं."

"नसतंच. आठ दिवस बोलली नसती माझ्याशी."

ती बसली. मी तिचं बोट धरलं आणि तारेवरनं सरकवलं. इथून दोन बोटं खाली, मग अर्धं बोट वर. तिनं गज फिरवला. सूर लागला की नाही ते मला कुठलं कळायला, मी तिच्या तोंडाकडं बघत राहिलो. ती रडायला लागली तेव्हा समजलो, जागा बरोबर आहे. मग पुढचं बोट धरलं.