सुईशिवाय पाठवणी नाही

एड्सचं नाव नवीन होतं तेव्हा आम्हा नर्सांना प्रशिक्षणात विचारलं, "बाईच्या नवऱ्याला तपासणीला कसं आणाल?" मला नागपूरजवळच्या कुहीकडची एक पोर आठवली.

त्याच्या कितीतरी आधी मी तिथल्या सरकारी दवाखान्यात होते. गरोदर बायांचं रक्त काढून नागपूरला पाठवायचे. गुप्तरोग निघाला तर इंजेक्शनं दोघांनाही लागत. बायका निमूट घ्यायच्या. नवरे दवाखान्याच्या वाऱ्यालाही उभे राहत नसत. मग बरी झालेली बाई घरी जाऊन पुन्हा तेच दुखणं घेऊन यायची. माझा नुसता संताप व्हायचा.

ही पोर माहेरी आलेली. नवरा खापरखेड्याला वीजकेंद्रात कामाला. दोन बाळं पोटातच गेली होती, म्हणून सासरचे तिलाच पांढऱ्या पायाची म्हणत. तिच्या रक्तात दोष निघाला. तिनं इंजेक्शनं घेतली. नवऱ्यानंही घेतली नाहीत तर हे तिसरंही धोक्यात, असं मी बजावलं. ती पदर सावरून निघून गेली. मला वाटलं, पालथ्या घड्यावर पाणी.

नवरा न्यायला आला त्या दिवशी मी तिला बघायला घरी गेले होते. जावई आला की मुलीची ओटी भरायची आणि तिनं मुकाट निघायचं, ही रीत. आईनं पाट मांडला. पोर पाटावर बसेचना.

"तुम्ही सुई घेतल्याबिगर मी येत नाही," ती नवऱ्याला म्हणाली.

"काहून? मले काय झालं?"

"मले झालं तेच. दोन लेकरं मातीत गेले. ह्याले मी जाऊ देत नाही."

"जावायासमोर असं बोलते का वं?" आई रडायलाच लागली. बापानं मान खाली घातली. पोर मात्र जागची हलली नाही. काय हिंमत होती तिची!

तो तणतणत अंगणात गेला, फाटकापर्यंत जाऊन परत फिरला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "चला बाई, कुठी आहे तुमची सुई?"

त्याची सगळी इंजेक्शनं होईपर्यंत ती माहेरीच राहिली. ओटी त्यानंतर भरली.

बाळंतपणाला ती पुन्हा माहेरी आली, ते माझ्याच हातून झालं. बाळ रडलं तशी तिची आई विचारू लागली, पोरगा का पोरगी? पोरीचं तिकडे लक्षच नव्हतं.

"बाई, पहिले ह्याचं रगत घ्या," ती मला म्हणाली.

रिपोर्ट चांगला आला, तेव्हा कुठे तिनं बारसं करू दिलं.