कोहळ्यावर बसलेली गाडी

माझ्या हातून चूक होत नाही, असं मी पन्नास वर्षं सांगत आलो. पण आज चहा चांगला झालाय आणि तुम्ही सगळे घरचेच आहात, म्हणून एक सांगून टाकतो. एकच. दुसरी विचारायची नाही.

साठ सालानंतरची गोष्ट. मल्लेश्वरमला माझी भट्टी होती. लॉरीच्या, बसच्या चाकांवर लोखंडी पट्ट्यांची चवड असते ना, सगळा भार झेलणारी? ते पाटे मी करायचो. शाळा चौथीपर्यंत, पण पाटा कुठे तडकलाय ते मी आवाजावरून सांगत असे.

शिवण्णा नावाचा एक तरुण होता, कॉफीच्या मळेवाल्याचा मुलगा. एका रविवारी तो मला गावाबाहेरच्या जुन्या विमानपट्टीवर मोटारींची शर्यत दाखवायला घेऊन गेला. तिथे मद्रासहून एक लाल गाडी आली होती. इतकी बुटकी की तिच्या पोटाखालून मांजरसुद्धा गेलं नसतं. बाकीच्या गाड्या वळणावर कडब्याच्या बैलगाडीसारख्या कलत होत्या. ही? जमिनीला पोट लावून सुसर धावावी तशी गेली. तसूभर कलली नाही. तोंडातली सुपारी मी तशीच गिळली.

शर्यत संपल्यावर मी मातीत गुडघे टेकून तिच्याखाली पाहिलं आणि माझे हात आपोआप जोडले गेले. देवळाबाहेर मी हात जोडले ते तेवढेच.

शिवण्णानं विचारलं, “मेस्त्री, माझी गाडी अशी होईल?”

“होईल.”

“त्या मद्रासवाल्याला स्वल्प विचारून घेऊ या का?”

“मी कुणाला विचारत नाही.”

पुढची शर्यत पंधरा दिवसांवर होती. शिवण्णाच्या वडिलांनी त्याला बजावलं होतं, ही शेवटची. काही करून दाखवलं नाहीस तर गाडी विकायची आणि मळ्यावर येऊन बसायचं. पोरगा रोज भट्टीवर येऊन उभा राहायचा. मी मागच्या पाट्यांतल्या दोन पट्ट्या काढल्या, उरलेल्या तापवून त्यांची कमान उतरवली, पुढच्या स्प्रिंगांचा एकेक वेढा कापला. गाडी वीतभर उंच होती, ती सहा बोटांवर आली. मी स्वतः मोजली. रिकामी.

शर्यतीच्या दिवशी सकाळी नऊच्या आत शिवण्णाला विमानपट्टीवर पोचायचं होतं. नऊला फाटक बंद. पण माझ्या भट्टीचा रिवाज सांगतो. काम झालेली गाडी निघताना चारी चाकांखाली लिंबं ठेवायची, पुढ्यात कोहळा फोडायचा. फुटलेला कोहळा हातानं बाजूला सारायचा नाही, गाडीनं तो पोटाखाली घेऊन ओलांडायचा. आणि पहिल्या खेपेला मेस्त्रीनं मागे बसून पाट्यांचा आवाज ऐकायचा. वीस वर्षं हेच चाललं होतं. लॉऱ्यांना.

माझी थोरली बहीण, तिला आम्ही अक्का म्हणतो, ती पूजेचं ताट घेऊन आली. मी कोहळा फोडला. एका घावात दोन भकलं. एक पालथं पडलं, बरोबर मध्ये. मी ऐटीत मागे जाऊन बसलो आणि म्हणालो, चल.

लिंबं फुटली. खालून खर्र आवाज आला. गाडी थांबली. शिवण्णानं जोर दिला तर मागची चाकं गरावर नुसती गरगरायला लागली. आमचा घणवाला मुनियप्पा जमिनीवर आडवा पडून बघून आला. कोहळा मागच्या बाजूला पाचरीसारखा बसला होता.

मी आतूनच हुकूम सोडला, जॅक लावा. जॅक खाली शिरेना. गाडी मीच एवढी खाली आणलेली! मग म्हटलं, उचला. शेजारचा पिठाच्या गिरणीवाला आला, दूधवाला आला, सहाजण झाले. मी खिडकीतून हात काढून त्यांना ताल देत होतो. गाडी हलेना. साडेआठ वाजले. शिवण्णा घड्याळाकडे बघायचा, मग माझ्याकडे बघायचा, काहीतरी बोलायला तोंड उघडायचा आणि मिटायचा. मुनियप्पाचंही तेच. मला वाटलं, माझा धाक.

शेवटी अक्कानं ताट खाली ठेवलं. “राघू, तू उतर की आधी.”

मी उतरलो. गाडी दोन बोटं वर आली. मुनियप्पानं काठीनं ढोसलं, तसं भकल बाहेर घरंगळलं.

“सरी, ठीक आहे मेस्त्री,” शिवण्णा जमिनीकडे बघत म्हणाला, “तुम्ही बसनं या.” आणि सुटला. कोपऱ्यावर गाडी वळली ती अगदी त्या लाल गाडीसारखी, तसूभर न कलता. आम्ही सगळे बघत राहिलो. माझ्या अंगावर काटा आला. हे माझ्या हातचं काम!

पोचला तो वेळेत. शर्यतीत दुसरा आला. गाडी विकली नाही. पण ते संध्याकाळी कळलं.

सकाळी गाडी दिसेनाशी होताच मी मान ताठ करून अक्काकडे वळलो. वाटलं, आता तरी ही शाबासकी देईल.

अक्का म्हणाली, “पंधरा दिवस उगीच ठोकत बसलास. नुसता आत बसला असतास तरी झालं असतं.”