बर्फ घासणाऱ्या बाई

ऑफिसच्या टीमबरोबर मी हेगजवळच्या एका कर्लिंग क्लबात गेलो होतो. बर्फावरून जड दगड घसरवत लांबच्या वर्तुळात पोचवायचा, तो आणखी लांब जावा म्हणून साथीदाराने ब्रशने पुढची वाट घासायची, असा हा खेळ. ‘हा तर मोठा कॅरमच!’ असं सगळ्यांना ऐकवून मी पुढे सरसावलो. दगड सोडला आणि त्याच्यामागे पोटावर आपटलो.

माझ्यासाठी घासायला क्लबातल्या सत्तरीच्या एक बाई होत्या. दगडात दम नव्हताच, तरी त्या वाकून जीव तोडून घासत राहिल्या. तो अर्ध्यावरच थांबला. टीम खो-खो हसली.

बाई धापा टाकत आल्या. “माझ्या नवऱ्याचा पहिला दगड इथवरही आला नव्हता.”

“आता कसे खेळतात?”

“गेल्या वर्षी वारला. आता मी नवशिक्यांसाठी घासते.”

“माझा दुसराही असाच जाणार,” मी म्हणालो.

“जाऊ दे. मला व्यायाम होईल.”

दुसराही तसाच गेला. बाई शेवटपर्यंत घासत होत्या, आणि मी पोटावर पडल्यापडल्या “घासा, बाई, घासा!” असं चक्क मराठीत ओरडत होतो.