सासूबाईंच्या तोंडाची परवानगी

दुकानांच्या नावांचे फॉर्म भरण्यात पंधरा वर्षं घातली, की कपाटात फाइली कमी आणि किस्से जास्त साठतात. देऊळगाव राजाला स्टँडजवळ माझं छोटं ऑफिस आहे. शॉप ॲक्ट, उद्यम, ट्रेडमार्क, सगळ्या नोंदण्या करतो. शेजारच्या गाळ्यात तुळशीराम पेंटर बोर्ड रंगवतो. आमच्याकडची रीत अशी, की आधी बोर्ड रंगवायचा, नारळ फोडायचा आणि मग मला विचारायचं, "साहेब, हे नाव चालते का?" नाही म्हटलं की मीच वाईट.

* * *

एका सलूनवाल्याने बोर्डावर 'प्रायव्हेट लिमिटेड' लिहून घेतलं होतं. का, तर मेव्हण्याच्या बोर्डावर होतं म्हणून. मी सांगितलं, कंपनी नोंदवल्याशिवाय ते लिहिता येत नाही, आणि कंपनीला निदान दोन डायरेक्टर लागतात.

"एक मी, दुसरी बायको," तो खुशीत म्हणाला.

मग मोठे निर्णय दोघांनी बसून घ्यावे लागतील, कागदावर सह्या लागतील, असं मी समजावलं. त्याने खुर्ची मागे सरकवली.

"तुळशीरामले सांगा, नुसतं सलून ठेव."

* * *

आमच्या गावात बालाजीचं मंदिर, त्यामुळे दर तिसरं दुकान बालाजी. एक किराणावाला तावातावाने आला. समोरच्याने तेच नाव ठेवलंय, त्याला नोटीस द्या म्हणाला. देवाच्या नावावर एकट्याचा हक्क मिळणं कठीण, पण आधीपासून कोण वापरतं याला कायद्यात वजन असतं, असं मी म्हणालो. माझीच चूक. गडी तडक मंदिरात गेला आणि पुजाऱ्यांकडे मागू लागला दाखला, की हे नाव पहिलं मीच वापरलं.

पुजारी शांतपणे म्हणाले, "पहिले तर देवानं वापरलं."

* * *

खुद्द तुळशीरामचाही एक प्रताप आहे. चपलांच्या एका दुकानावर त्याने मोठ्या बूट कंपनीची खूण जशीच्या तशी काढली. गिऱ्हाइकाची फसगत होईल असं काही काढायचं नसतं, म्हणून मी त्याला झापलं.

"जशीच्या तशी कुठं? मी उलटी काढली," तो म्हणाला. आणि खरंच, खूण डोक्यावर उभी होती.

* * *

आता सुनंदाबाईंचं. त्यांच्या 'सासूबाई मसाला'च्या पाकिटावर त्यांच्या खऱ्या सासूबाईंचा, वत्सलाबाईंचा फोटो आहे. मसाला त्यांनीच शिकवलेला. जालन्याच्या कुणीतरी हुबेहूब पाकीट बाजारात आणलं आणि सुनंदाबाईंचा धंदा निम्म्यावर आला. ट्रेडमार्क करून टाकू, म्हणालो. फक्त एक अडचण होती. हयात माणसाचा चेहरा वापरायचा तर त्याची लेखी संमती लागते.

सुनंदाबाईंचा चेहराच उतरला. दोन वर्षांपूर्वी चूल वेगळी झाली, तेव्हापासून सासूबाई धाकट्या मुलाकडे, मागच्याच गल्लीत राहतात. दोघींचं बोलणं बंद! पाकिटावर मात्र रोज भेट.

शेवटी तुळशीराम जाऊन म्हातारीला घेऊन आला. दोघी माझ्या टेबलासमोर बसल्या, एकमेकींकडे न बघता. मला वाईट वाटत होतं, आणि भीतीही. मी संमतीपत्र वाचून दाखवलं. वत्सलाबाईंनी ते बाजूला सारलं, पाकीट उचललं, दातांनी फाडलं आणि चिमूटभर मसाला जिभेवर ठेवला.

"धने करपले," त्या मला म्हणाल्या. "याच्यावर माह्यं तोंड नको."

सुनंदाबाईंनी फाटलेलं पाकीट स्वतःकडे ओढलं.

"दोन वर्षांपासून करपून राह्यले, आत्याबाई," सुनंदाबाई खाली बघून सासूला म्हणाल्या. "सांगाले कोन होतं?"

वत्सलाबाई उठल्या, पदर खोचला आणि दारात जाऊन थांबल्या.

"चाल. कढई दाखव."

दोघी गेल्या. संमतीपत्र सहीविनाच टेबलावर राहिलेलं बघून तुळशीराम ते घेऊन त्यांच्यामागे पळाला.

आठ दिवसांनी तो कागद परत आला. खाली अंगठा व्यवस्थित उमटला होता. स्कॅन करताना मला सात शिंका आल्या.