मोटारीचं कुंकू

आमच्या हिवरखेडात नत्थुजींचं नाव अजून निघतं ते एका गोष्टीसाठी. अकोल्याच्या मोटारवाल्याला त्यांनी गुडघे टेकायला लावले, म्हणे. हे ऐकलं की माझं तोंड कडू होतं. नत्थुजी माझे थोरले दीर. आमच्याकडे त्यांना भासरे म्हणतात, आणि भासऱ्यांविषयी वाईट बोलू नये असं मला सासरी शिकवलं होतं. शिकवणारी माणसं गेली. आता मी बोलणार.

त्या मोटारीचा सौदा माझ्या जावेनं, भासऱ्यांच्या बायकोनं केला. कौशल्या तिचं नाव, माहेर बार्शीटाकळीचं. लग्न होऊन आली तेव्हा विहिरीखालचं वावर नुसतं दगडगोट्यांचं होतं. ते तिनं वेचून साफ केलं, शेणखत डोक्यावर वाहून टाकलं आणि तिथं वांगी, मिरची, मेथीचा मळा उभा केला. माल विकायलाही तीच बसायची. बाजारात ती आधी भाव सांगत नसे. गिऱ्हाइकाच्या हातात वांगं द्यायची, त्याला ते उलटंपालटं करू द्यायची आणि मग बोलायची. तिला फसवून कोणी पाव शेर मिरची जास्त नेली असं मी पाहिलं नाही.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या थोडं आधीची गोष्ट. भासऱ्यांच्या डोक्यात मोटार शिरली. खाली माणसं, टपावर भाजीच्या टोपल्या, रोज अकोल्याची फेरी. विचार वाईट नव्हता. दोन वर्षांच्या संत्र्यांचा पैसा घरात होता आणि तो मोटारीला पुरेल असा अंदाज होता. पुरला नाही तर विकायला एकच चीज होती, ती म्हणजे विहिरीखालचा मळा. म्हणून कौशल्या त्यांच्यासोबत अकोल्याला गेली.

मोटारी विकणारा शेषराव. अंगाला अत्तराचा वास, तोंडात पान, आणि चुना लावलेलं बोट समोरच्याच्या भिंतीला पुसायची सवय. दुकानात त्यानं भासऱ्यांना खुर्ची दिली आणि भाव सांगितला. कौशल्या उभीच होती. तिनं विचारलं, "हा भाव टपासकट हाये की टपाबिगर? बसाची बाकं? जादाचं चाक?"

शेषराव भासऱ्यांकडे बघून हसला. "बाई, हे काई वांगे नाई. सारं होऊन जाईन, जी."

"होऊन जाईन म्हंजे काय? तुमी देऊन राहिले की आमी घेऊन राहिलो?"

भासऱ्यांनी तिला डोळे वटारून गप्प केलं. चारचौघांत बायको बोलली याचीच त्यांना लाज वाटली. मोटार आधी गावात आणून दाखवतो, असं शेषरावनं सांगितलं आणि भासरे मान डोलावून परत आले. ठरलं काहीच नव्हतं.

आता आमच्याकडची रीत सांगते. नवा बैल दारात आला की घरची बाई त्याच्या खुरांवर पाणी घालते, कपाळाला कुंकू लावते, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकते. तेवढं झालं की तो बैल घरचा झाला. मग त्याला परत पाठवणं म्हणजे दारची लक्ष्मी हाकलणं, आणि असं कोणी करत नाही. म्हणून भाव पक्का झाल्याशिवाय बैल दारात आणतच नाहीत. हे शेंबड्या पोराला ठाऊक असतं. शेषरावलाही ठाऊक होतं, आणि म्हणूनच दसऱ्याच्या सकाळी त्यानं हार घातलेली मोटार थेट आमच्या अंगणात आणून उभी केली. टप होतं, बाकं होती, मागं जादाचं चाक होतं. सगळी आळी गोळा झाली.

कौशल्या हातात लोटा घेऊन उंबऱ्यात थांबली. "भाव पक्का झाला काय?"

"दारात आलेल्या लक्ष्मीले भाव पुसते काय कोनी?" भासरे ओरडले. "ओवाळ लवकर."

अख्खी आळी बघत होती. तिनं चाकांवर पाणी घातलं, मोटारीच्या तोंडाला कुंकू लावलं, तुकडा ओवाळून टाकला. लोकांनी टाळ्या पिटल्या. शेषराव ओट्यावर बसला, चहा घेतला, बोट आमच्या भिंतीला पुसलं आणि म्हणाला, "आता बाकीचं बोलू. सांगितला तो भाव नुसत्या सांगाड्याचा होता, जी. टप, बाकं, चाक याचे पैसे निराळे."

भासऱ्यांचा चेहरा पडला. तेवढा पैसा घरात नाही हे शेषरावला माहीत होतं. त्यानं आवाज मऊ केला. "घाबरू नका. तुमचा तो विहिरीखालचा मया हाये ना, तो माह्या साळ्याले पायजे. तो देऊन टाका, हिसाब चुकता."

सगळं आधीच ठरवून आला होता तो मेला! आणि भासरे? ते मान खाली घालून म्हणाले, "आता ओवाळलीच हाये तर इलाज काय." बारा महिने घाम गाळलेल्या बाईकडे एकदा वळून बघितलंसुद्धा नाही त्यांनी.

कौशल्या अंगणात उतरली. लोट्यात उरलेल्या पाण्यात तिनं पदर भिजवला आणि मोटारीवरचं कुंकू पुसून काढलं. चांगलं घासून काढलं. बायकांनी तोंडावर हात ठेवले. कोणीतरी "अगं बाई" म्हणून किंचाळलं.

"आता हे आमची नाई," ती म्हणाली. "घेऊन जा."

भासरे हात उगारून उठले. तेवढ्यात त्यांचं लक्ष शेषरावकडे गेलं. त्याची पाचावर धारण बसली होती. कुंकू पुसलेली मोटार! ही बातमी पसरली की अकोटापासून धारणीपर्यंत तिला कोण हात लावणार?

"बाई, हे काय करून ठेवलं? आता हे कोन घेईन?"

"ते तुमचं तुमी पाहा. भाव ठरल्याबिगर दारात काहून आणली?"

भासऱ्यांचा हात खाली आला, पण तो बायकोची कणव येऊन नव्हे. बैलबाजारात वाढलेला माणूस, समोरचा अडला हे त्यांना कळलं. लगेच ते पुढे झाले, मिशीवर हात फिरवला आणि म्हणाले, "बोला आता, शेषराव." अर्ध्या तासात शेषरावनं टप, बाकं, चाक सगळं पहिल्याच भावात देतो असं पाच माणसांदेखत कबूल केलं. मळा वाचला.

कौशल्या कुंकवाचा करंडा घेऊन परत मोटारीपाशी आली. माणिकबाई, आमची चुलतसासू, तिनं कौशल्याचं मनगट धरलं. "ज्या हातानं पुसलं त्या हातानं नको." कौशल्यानं नवऱ्याकडे पाहिलं. भासरे मोटारीकडे बघत म्हणाले, "माणिकबाई म्हनते ते बराबर हाये." माणिकबाईनं करंडा काढून माझ्या हातात दिला. मी तो खाली ठेवला आणि घरात निघून गेले. मग माणिकबाईनंच लावलं.

मोटार धो धो चालली. भासरे पुढच्या सीटवर ड्रायव्हरशेजारी बसून शेषरावला कसं नमवलं ते प्रत्येक फेरीला सांगायचे. कौशल्याला हळदीकुंकवाला कोणी बोलवेनासं झालं. ती एकदा मोटारीत चढायला गेली तर आतली माणसं उतरायला लागली. भासऱ्यांनी तिलाच उतरवलं. विहिरीखालची वांगी टपावर चालत होती, वांगी पिकवणारी बाई चालत नव्हती.

ती डोक्यावर टोपली घेऊन पायीच बाजाराला जायची. मागून भोंगा वाजला की रस्ता सोडून बाभळीच्या काट्यांत उतरायची. मोटार निघून जायची, धूळ खाली बसायची, मग ती टोपली सावरून परत रस्त्यावर यायची. भासऱ्यांनी मोटार कधी थांबवली नाही.