पाठमोरं बसायची रीत

विलायतेला नर्स हवी असते, पण तिचं लेकरू सांभाळायची वेळ आली की सगळे हात वर करतात. हे मला नात झाल्यावर कळलं. माझी लेक तिथल्या सरकारी दवाखान्यात नर्स आहे. तिकडे म्हातारी माणसं वाढलीत आणि सेवा करणारे हात कमी पडतात, म्हणून तिला आणि तिच्या नवऱ्याला मोठ्या मानानं बोलावून घेतलं. पण पाळणाघराचा खर्च तिनं सांगितला तेव्हा मला वाटलं, तिथं लेकरांना सोन्याच्या वाटीतून भरवतात की काय. एकाचा जवळजवळ सगळा पगार त्यातच जाणार होता.

कामावर जाणाऱ्या आईबापांना तिथलं सरकार पाळणाघराचे काही तास फुकट देतं. पण हे दोघं पडले व्हिसावरचे, त्यांना ती सवलत नाही. कर मात्र बरोबर कापून घेतात. शाळा फुकट आहे, पण लेकरू चार वर्षांचं झाल्यावर. तोवर पोरीला ठेवायचं कुठं? मी म्हटलं, "इकडं आणून सोड." लेकीनं फोनच ठेवून दिला.

तिनं तो का ठेवला, ते मला ठाऊक होतं. माझे आईबाप ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की टोळीबरोबर निघायचे आणि मला वडवणीकडच्या आमच्या गावात आजीजवळ ठेवायचे. परत यायचे ते उन्हाळा लागल्यावर. कोयता माझ्या हातात येऊ नये म्हणून आईनं मला शिकवलं, मी नर्स झाले, लेकीला नर्स केलं, तिला पार विमानात बसवलं, आणि फिरून लेकरू आजीच्या पदरात. मला फार राग आला. तिथल्या सरकारपर्यंत तो पोचवायची काही सोय नव्हती, म्हणून आमच्या ह्यांच्यावर काढला. त्यांनी निमूटपणे पाळणा झाडूनपुसून ठेवला.

लेक दीड वर्षाच्या पोरीला आणून सोडून गेली. पुढची दोन-अडीच वर्षं मात्र सुखाची गेली, खोटं कशाला बोलू. अंबाजोगाईच्या आमच्या लहानशा घरात तिचंच राज्य होतं. ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून खायची, शेजारच्या शेळीला नावानं हाका मारायची आणि बोलायची तर अशी, की माझी आईच परत आल्यासारखं वाटायचं. लेक रोज फोनवर दिसायची. रजा आणि तिकिटाचा मेळ काही बसला नाही, त्यामुळे मधे तिला येता आलं नाही. "मम्मी कुठं हाय?" विचारलं की पोरगी फोनकडे बोट दाखवायची. आम्ही हसायचो.

शाळेची वेळ आली तशी लेक तिला न्यायला आली. दारातूनच हात पसरून धावली, पोरीला उचलून छातीशी धरलं. पोरीनं असा काही टाहो फोडला, की शेजारीण दाराशी आली. पोरगी हातातून सुटली आणि माझ्या मागं लपली. मग माझा फोन घेऊन आली, आईसमोर धरला आणि म्हणाली, "माजी मम्मी हितं हाय. तू न्हाई."

लेक स्वयंपाकघरात जाऊन रडली. "आई, ही माझ्याजवळ आलीच नाही तर मी हिला काय बांधून नेऊ?" तिची रजा थोडीच होती.

मी तिच्या पुढ्यात भुईमुगाच्या शेंगांनी भरलेलं सूप ठेवलं. माझी आई तोडीवरून यायची तेव्हा मीही अशीच आजीच्या मागं लपायचे. आई मला हाक मारायची नाही. ओसरीवर माझ्याकडे पाठ करून शेंगा फोडत बसायची. तोडीवरून आलेल्या सगळ्याच बायांची ती रीत. कुणी कौतुकानं मला पुढं ढकललं, तर आई म्हणायची, "वढू नका गं तिला. तिचं तिला येऊ द्या."

हे मी सांगितलं, पण लेकीला पटलं नाही. ती म्हणाली, "एवढ्या लांबून आले आणि पाठ करून बसू?" मी म्हटलं, "बस." बसली. डोळे पुसत शेंगा फोडत राहिली, पण वळली नाही. त्या दिवशी काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशीही आम्ही शेंगाच फोडल्या, घरात दाण्याचं कूट मावेना. तिसऱ्या दिवशी पोरगी हळूच मागून आली, सुपातले चार दाणे उचलून पळाली. परत आली. मग आईच्या पाठीला टेकून बसली आणि खात खात विचारलं, "तू कावून आलीस?"

लेक न वळता म्हणाली, "तुला न्यायला."

पोरीनं विचार केला. "दानं घेऊन जायाचं?"

"घेऊ की."

विमानतळावर पोरगी आईच्या कडेवर होती. मला आनंद झाला, आणि जीवही तुटला. घरी आल्यावर आम्ही दोघं उगीचच पाळण्याजवळ बसून राहिलो.

चार दिवसांनी लेकीचा फोन आला. पडद्यावर नुसता सोफा दिसत होता. मागून लेक म्हणत होती, "ये ना, बघ आजी आलीय," आणि पोरगी सोफ्यामागून बाहेर यायला तयार नव्हती. रुसली असावी, किंवा तिच्या लेखी आता मी फोनातली झाले होते.

मी म्हटलं, "वढू नको गं तिला." फोन डब्याला टेकवून उभा केला, सूप पुढ्यात ओढलं आणि फोनकडे पाठ करून शेंगा फोडायला लागले. आमचे हे दारात उभे राहून बघत होते, त्यांना मी खुणेनं गप्प बसवलं.

बऱ्याच वेळानं पाठीमागून आवाज आला, "आज्जे, मला बी दे की."